उडीची कातीण आणि आपली नोंद



दाव्यांची यादी, सुनावणीच्या तारखा, मोर्चाच्या वर्गणीचा हिशोब हे सगळं पत्रकात नेहमीप्रमाणे आहेच. मी या वेळी एका कोळ्याबद्दल लिहिणार आहे. कोळी म्हणजे आपले महादेव कोळी, मल्हार कोळी बांधव नव्हेत. आठ पायांचा, पानावर-भिंतीवर फिरणारा कोळी. जुनी माणसं त्याला कातीण म्हणतात. कातते म्हणून कातीण.

काही जण म्हणतील, जमिनीचा पट्टा अजून हाती आला नाही आणि ह्याला कातीण सुचायलीय. असं म्हणणारे आमच्या बैठकीतही होते. त्यांना जे उत्तर दिलं तेच इथं सविस्तर लिहितो.

सामूहिक वनहक्काचा दावा करायचा, नमुना 'क' भरायचा, म्हणून आम्ही डोंगराची शिवारफेरी काढली. औंढ्याच्या भोवतीचा डोंगर तुम्हाला माहीत आहे. साग, धावडा, सलई, पळस, टेंभुर्णी, मधेमधे मोह, आणि उताराला सीताफळीची झुडपं. उन्हाळ्यात बघितलं तर सगळं वाळलेलं दिसतं. पूर्वी एकदा पाहणीला आलेले एक साहेब त्या उताराकडं हात करून म्हणाले होते, "इथं आहे काय? झुडपं आणि पालापाचोळा." कागदावरही तसंच उतरलं. पडीक. झुडपी. ओसाड. तीन शब्दांत आमचा डोंगर संपला.

फेरीत सातवीत शिकणारी माझी पुतणी होती. एका पळसाजवळ ती थांबली ती हलेना. पानावर तांदळाच्या दाण्याएवढी कातीण बसली होती आणि पोरीकडं तोंड करून बघत होती. पोरीनं बोट डावीकडं नेलं, कातीण डावीकडं वळली. उजवीकडं नेलं, उजवीकडं वळली. मग एकदम उडी मारून दुसऱ्या पानावर. पोरीनं माझ्या आत्याला विचारलं, "आजी, हिचं नाव काय?" आत्या म्हणाली, "तिला काय नाव असतंय बाई? उड्या मारायलीय, तर उडीची कातीण म्हण की." पोरीनं वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी बैठकीत नकाशा पुढं घेऊन बसलो. कुठं मोह, कुठं पाणवठा, कुठं देव, कुठं चराई, असं एकेक लिहायला लागलो. पोरीनं वही पुढं केली आणि म्हणाली, "हे पण लिवा." सगळे हसले. एक जण चिडून म्हणाला, "आवं, किड्याकिटुकाची यादी देऊन जमीन मिळती का?" तिथून वाद सुरू झाला.

आधी ह्या जीवाची ओळख करून घेऊ. घरात माळवदाखाली जाळं करून बसतो त्या कोळ्याहून ही जात वेगळी. ही शिकारीसाठी जाळं विणतच नाही. बघून, दबा धरून, उडी मारून शिकार करते, वाघासारखी. तिला आठ डोळे असतात. त्यांतले समोरचे दोन मोठे, आणि त्यांनी तिला एवढ्याशा देहाच्या मानानं फार स्पष्ट दिसतं. उडी मारायच्या आधी ती बसल्या जागी एक धागा चिकटवते. उडी चुकली तर त्या धाग्याला लटकून परत वर येते. पायात बळ आणायची तिची रीतही निराळी. अंगातल्या रक्ताचा दाब वाढवून मागचे पाय झटक्यात ताठ करते, आणि आपल्या लांबीच्या कितीतरी पट अंतर उडून जाते. रात्री वळलेल्या पानात, सालीच्या फटीत रेशमाची छोटी थैली करून झोपते. अंडी घालते तीही अशाच थैलीत, आणि मादी राखण बसते. जगभरात उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या सहा हजारांवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. कोळ्यांमध्ये एवढं मोठं कुळ दुसरं नाही. त्यांतल्या काही घराच्या भिंतीवर माश्या-मच्छर टिपत राहतात. काही मुंगळ्याचं रूप घेऊन फिरतात. आणि बऱ्याचशा रानाशिवाय जगत नाहीत.

रानाशिवाय म्हणजे कशाशिवाय? हे नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा इथंच आहे. तिला उंच झाडांचं दाट अरण्य लागतंच असं नाही. तिला लागतो पालापाचोळा, सालीची फट, गवताचा बुडखा, झुडपाची सावली, आणि त्यात फिरणारे बारके किडे. साहेबांनी जे बघून "इथं आहे काय" असं विचारलं, तेच तिचं घर, तेच तिचं शेत, तीच तिची शाळा. झुडपं साफ करून सागाची एकसारखी रोपं ओळीनं लावली की कागदावर जंगल वाढतं आणि उडीची कातीण बेघर होते. आपली गोष्ट यापेक्षा काय वेगळी आहे? आपण कसत होतो, पण नोंद नव्हती म्हणून अतिक्रमणदार ठरलो. डोंगर जिवंत होता, पण नोंद नव्हती म्हणून ओसाड ठरला.

नोंदीला केवढी किंमत असते ते आपल्याच तालुक्यात बघा. दुधाळ्याजवळ लायगो नावाची मोठी वेधशाळा व्हायची आहे. केंद्राच्या मंत्रिमंडळानं २०२३ च्या एप्रिलात तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात टाकायच्या आणि फार दूरच्या आकाशात दोन अवजड गोळे एकमेकांवर आदळले की जी लहर इथवर येते, ती टिपायची. ती लहर अणूच्या गाभ्यापेक्षाही बारीक. म्हणून जमीन शांत पाहिजे. शास्त्रज्ञांनी जागोजागी जमिनीची थरथर मोजली आणि आपल्या भागातली जमीन त्या परीक्षेत उतरली. या कामाबद्दल माझी तक्रार नाही, आपल्या लेकरांनी तिथं शिकायला जावं. मुद्दा एवढाच की मोजलं म्हणून आपल्या जमिनीच्या शांततेला किंमत आली. उडीची कातीणही जमिनीची थरथर पायानं ऐकते. या कुळातल्या कित्येक जातींचे नर मादीला बोलावताना अंग थरथरवून पानावर ठेका धरतात. ती तिची भाषा. पण ज्या पानावर हे चालतं त्या पानाची मोजणी कुणीच केलेली नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा कोळ्यानं सरकारी कागद कधी बदलतो का? मुंबईच्या आरेची हकिकत ऐका. आरे दूध वसाहत १९४९ ची. तिथं वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आपल्या बांधवांचे २७ पाडे आहेत. मेट्रो रेल्वेच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडायची होती, आणि सरकारी बाजूचं म्हणणं होतं की हे जंगलच नाही. आरेला जंगल ठरवा ही मागणी उच्च न्यायालयानं ४ ऑक्टोबर २०१९ ला फेटाळली. त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबा म्हणेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली होती. आणि दोनच वर्षं आधी ह्याच "जंगल नसलेल्या" जागेत अभ्यासकांना उडी मारणारा एक कोळी मिळाला होता. पिरँथस डेकोरस त्याचं शास्त्रीय नाव. १८९५ साली ब्रह्मदेशातून त्याची पहिली नोंद झाली, आणि तिथून १२२ वर्षांनी तो आरेत दिसला. शंभरावर वर्षं जो कुणाच्या नजरेला पडला नाही, तो पाड्यातल्या माणसांच्या शेजारी झुडपात नांदत होता.

कोळ्यानं झाडं वाचवली का? नाही. खोटं कशाला सांगू? २०२० मध्ये सरकारनंच आरेतली आठशे एकरांवर जागा राखीव जंगल करायचं जाहीर केलं, आणि २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारनं कारशेड परत आरेतच आणली. सरकार बदललं की कागद बदलतो. पण एक गोष्ट झाली. तिथं काय काय जगतं याची नोंद होती, म्हणून "इथं आहे काय" हा प्रश्न कुणाला सहज विचारता आला नाही. उत्तर द्यायला नावं होती. आपल्या डोंगराकडून उत्तर द्यायला आपल्याजवळ काय आहे?

आता नावाचा मुद्दा. नवा जीव सापडला की शोधणारे त्याला नाव देतात. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याला २०२१ मध्ये आयसियस तुकारामी हे नाव मिळालं. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात अतिरेक्याच्या बंदुकीची नळी हातानं धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या आठवणीसाठी. चांगलं झालं. दुसऱ्या एका जातीला सुनील लिमये या वन अधिकाऱ्यांचं नाव आहे. त्यालाही आपली ना नाही.

पण एक नाव ऐकून मला रात्री झोप लागली नाही. जगातल्या सगळ्या कोळ्यांची एक यादी शास्त्रज्ञ ठेवतात. सगळ्यात जुनी नोंद १७५७ सालची. २०२२ च्या एप्रिलात त्या यादीत पन्नास हजारावी जात चढली. ती दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या मुलखातली, आणि तीही उडी मारणारीच, झुडपांवर शिकार करणारी. तिचं नाव गुरिउरियस मिनुआनो. मिनुआन ही त्या मुलखातली आदिवासी जमात. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. स्मरणार्थ का, तर ती जमात आता उरलेली नाही. गोऱ्यांच्या राजवटीत जमीन गेली, माणसं गेली, भाषा गेली. त्यांचं नाव आता तांदळाच्या दाण्याएवढ्या एका जीवावर आहे.

ज्यांनी नाव दिलं त्यांनी आदरानंच दिलं असणार, त्यांना दोष नाही. पण मी आपल्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा हसणारे गप्प झाले. माझी आत्या एवढंच म्हणाली, "आपुन हाय तंवर आपुनच नाव ठेवू की. मेल्यावर कुणी ठिवलं तर काय उपेग?"

ह्याच्यावर मला काही वाढवून सांगायचं नाही. मिनुआन माणसं असताना त्या कोळ्याला त्यांच्या भाषेत काही नाव असेल. ते कुणी विचारलं नाही, कुणी लिहिलं नाही. आंध समाजाच्या, आपल्या इतर भाऊबंदांच्या डोंगरातले जीव आपण असताना, आपल्या तोंडच्या नावानं, आपल्या ग्रामसभेच्या वहीत यायला पाहिजेत. बाहेरचा अभ्यासक आला तर यावा, पण ग्रामसभेला विचारून यावा, आणि त्याच्या कागदात गावाचं नाव नीट यावं.

एक भीती मात्र मला स्वतःलाच वाटते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आपल्याला आजवर जनावराच्या नावानं उठवलं गेलं आहे. वाघ आला की माणूस नको, पक्षी आला की गुरं नकोत. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्या लोकांना जंगलातून काढा असा आदेश दिला होता. ती याचिका वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचीच होती. देशभर लाखो कुटुंबांवर टांगती तलवार आली. गावागावातून ओरड झाली, आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयानं तो आदेश स्थगित केला. मग आपणच कोळ्याची नोंद केली तर उद्या कुणी "दुर्मिळ कोळ्याचं घर, माणसं हटवा" म्हणणार नाही कशावरून?

याचं उत्तर कायद्यातच आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ नं जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. दिला म्हणजे कर्तव्यही दिलं. कलम ४ सांगतं की एखादी जागा वन्यजीवांसाठी पूर्ण मोकळी ठेवायची तर आधी सगळ्यांचे हक्क ठरवून झाले पाहिजेत, माणूस आणि जनावर तिथं एकत्र राहूच शकत नाहीत हे दाखवलं पाहिजे, आणि ग्रामसभेची लेखी, समजून-उमजून दिलेली संमती पाहिजे. आता सांगा, उडीची कातीण आणि सीताफळ वेचणारी बाई एकत्र राहू शकत नाहीत हे कोण दाखवणार? दोघी एकाच झुडपाखाली पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ही कातीण आपल्या विरुद्ध साक्ष देणारी नाही. पण तिची नोंद दुसऱ्यानं केली तर तिला आपल्या विरुद्ध उभं करता येईल. म्हणून आपण आधी करायची.

आता घरातलं बोलू. दुसऱ्याला विचारायच्या आधी आपला पदर बघावा.

मोहफुलाच्या दिवसांत आपण झाडाखाली काय करतो? पाला पेटवून देतो, म्हणजे फुलं वेचायला जागा साफ होते. एका बुडख्याची आग वाऱ्यानं उताराला लागते आणि दोन दिवस डोंगर धुपत राहतो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही पेटवतात. मोठं झाड त्यातून वाचतं. पाल्यातली कातीण, तिची थैली, थैलीतली अंडी वाचत नाहीत. पाला जळाला की माती उघडी पडते, पहिल्या वळवाच्या पावसात वाहून जाते, आणि मग आपणच म्हणतो की झऱ्याला पाणी राहिलं नाही. मोहाखालचा पाला झाडूनही साफ होतो. वेळ जास्त लागतो, हे मीही मान्य करतो. पण आमच्या आत्यानं यंदा झाडून बाजूला ढीग केला. तिला विचारलं तर म्हणाली, "आगीचं भ्या नव्हतं, निवांत येचलं."

दुसरं फवारणीचं. कापसावर, सोयाबीनवर, हळदीवर आपण दुकानदार देईल ते औषध मारतो. कोळी हा शेतातला फुकटचा राखणदार आहे. तुडतुडे, माश्या, बारक्या अळ्या खातो. औषधानं किडीच्या आधी राखणदार मरतो, आणि कीड पुन्हा येते तेव्हा तिला धरणारं कुणी नसतं. डोंगराच्या कडेच्या बांधावर तरी गवत-झुडपाचा पट्टा ठेवावा आणि त्यावर फवारू नये. बांध कोरून दोन तास जादा काढण्यापेक्षा हे फायद्याचं आहे.

तर ग्रामसभांनी काय करावं, ते माझ्या मतानं लिहितो. पटलं तर घ्या, नाहीतर पुढच्या बैठकीत खोडून काढा.

एक. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. ती मागून घ्या, उघडून वाचा. मी एक पाहिली. त्यात ज्या पानावर आमच्या डोंगराचं नाव होतं, तिथं दुसऱ्याच कुठल्या तरी भागातली झाडं लिहिली होती. टेबलावर बसून भरलेली वही उद्या आपल्याच विरुद्ध वापरली जाईल. ती ग्रामसभेत वाचून दुरुस्त करायची.

दोन. वनहक्काच्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं निवेदन हा पुरावा धरला आहे. शिवारफेरीत म्हाताऱ्या बायका पाहिजेतच. कुठल्या झाडाखाली काय असतं, कोणत्या महिन्यात काय निघतं, हे त्यांना माहीत आहे. कोळी दाव्याला जोडून जमीन मिळत नाही, बैठकीत चिडलेला आमचा भाऊ त्यापुरता खरं बोलला. पण जी माणसं पानाखालच्या जीवापर्यंत डोंगर ओळखतात त्यांना उपरं कसं म्हणणार?

तीन. भरपाईच्या वनीकरणाचे पैसे घेऊन कुणी झुडपं साफ करायला, खड्डे खणायला आलं, तर आधी विचारायचं: जे काढणार ते काय काय आहे, याची यादी दाखवा. आणि सामूहिक हक्काच्या जंगलात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय रोप लावू द्यायचं नाही.

चार. पोरांना कामाला लावा. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाची ताकद तिथल्या अभ्यास गटांत आहे. आधी बसून समजून घ्यायचं, मग ठराव करायचा. आपल्या शाळेतल्या पोरांनी महिन्यातून एकदा एका झाडाखाली बसून दिसेल ते लिहावं. नाव माहीत नसेल तर आपल्या बोलीत ठेवावं. शास्त्रीय नाव मागून येईल.

आमच्या बैठकीत शेवटी मत घेतलं. चिडलेल्या भावानं पण हात वर केला, फक्त अट घातली की आधी मोह, मग तेंदू, मग कातीण असा क्रम ठेवा. ठेवला. नमुना 'क' सोबतच्या आमच्या यादीत शेवटच्या ओळीला आता पोरीच्या अक्षरात लिहिलेलं आहे: "उडीची कातीण. पळस आणि सीताफळीच्या झुडपात, पाल्यात. आमच्या डोंगरात आहे."

तुमच्या डोंगरात काय आहे ते पुढच्या पत्रकाला लिहून पाठवा.

जोहार.

— वनहक्क समितीचा एक सदस्य, औंढा नागनाथ